गल्ल्यावर कुठलं मांजर ठेवावं? मानेकी-नेको घेण्याआधी

चिपळूणला माझी मामेबहीण खानावळ सुरू करतेय. गेल्या महिन्यात तिचा फोन आला, "ताई, येताना ते हात हलवणारं सोनेरी मांजर आण ना. गल्ल्यावर ठेवते." मी विचारलं, "कुठलं आणू?" तर म्हणाली, "म्हणजे? त्यात प्रकार असतात?"

असतात, आणि बरेच असतात. मी नागोयात राहते. इथून अर्ध्या-पाऊण तासावर एका बाजूला तोकोनामे, दुसऱ्या बाजूला सेतो. दोन्ही गावं कुंभारकामासाठी शेकडो वर्षं प्रसिद्ध आहेत आणि दोन्ही गावांत ही मांजरं बनतात. सुट्टीच्या दिवशी तिकडे फिरून फिरून माझी काही मतं पक्की झाली आहेत. जपानहून कुणी येणार असेल, किंवा तुम्हीच जाणार असाल आणि दुकानात शंभर मांजरांसमोर उभं राहून गोंधळणार असाल, तर हे वाचून जा.

आधी त्या हाताबद्दल. ते मांजर टाटा करत नाही, बोलावतं. 'मानेकी-नेको' या नावाचा अर्थच बोलावणारं मांजर. जपानमध्ये कुणाला 'इकडे या' म्हणायचं तर तळहात खाली ठेवून बोटं आपल्याकडे हलवतात. युरोप-अमेरिकेतल्या माणसाला ते 'जा' असं वाटतं, म्हणून तिकडे विकायला पंजा उलटा वळवलेली मांजरंही बनवली गेली. आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आपली आजी ओट्यावर बसून रस्त्यावरच्या नातवाला 'ये रे इकडे' म्हणायची, तेव्हा तिचा हात असाच खाली झुकलेला असायचा.

हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण पुढची सगळी निवड त्यावर ठरते. मांजर बोलावतं ते मूळात माणसाला. पैशाचं काम त्याच्या गळ्यात नंतर आलं.

जुन्या गोष्टी बघा. तोक्योच्या सेतागाया भागात गोतोकुजी हे झेन पंथाचं मंदिर आहे. सतराव्या शतकात ते एक पडकं, गरीब मंदिर होतं. हिकोने संस्थानाचा सरदार ई नाओताका शिकारीहून परतत होता. मंदिराच्या दारात बसलेलं मांजर त्याला पंजा हलवून बोलावतंय असं त्याला दिसलं. तो आत गेला, आणि लगेच विजांच्या कडकडाटासह पाऊस कोसळला. पावसातून वाचलो, शिवाय महंतांचं बोलणंही ऐकायला मिळालं, म्हणून तो खूश झाला आणि हे मंदिर ई घराण्याचं झालं. १६५९ मध्ये नाओताका वारल्यावर त्याच्या धर्मनामावरून मंदिराला गोतोकुजी हे नाव मिळालं. या आख्यायिकेत मांजराने कुणाला मोहरा दिल्या नाहीत. दारावरून जाणाऱ्या माणसाला आत बोलावलं, एवढंच केलं.

दुसरी गोष्ट तोक्योच्याच आसाकुसा भागातली, १८५२ च्या सुमाराची. एका म्हातारीला गरिबीपायी मांजर सोडून द्यावं लागलं. मांजर स्वप्नात आलं आणि म्हणालं, माझी मूर्ती कर, तुझं भलं होईल. तिने जवळच्या इमादो गावच्या मातीची मांजरं करवून देवळाच्या दारात विकायला ठेवली आणि ती हातोहात खपली. त्याच साली हिरोशिगे या चित्रकाराने काढलेल्या एका छापचित्रात अशी मांजरं विकणारा ठेला दिसतो, म्हणजे एदोच्या, जुन्या तोक्योच्या, रस्त्यावर ती खरोखर विकली जात होती. गोतोकुजी आणि इमादो देवस्थान, दोघंही मानेकी-नेकोचा जन्म आपल्याकडचा म्हणतात. मला तो वाद सोडवण्यात रस नाही. दोन्ही ठिकाणच्या मांजरांत काय वेगळं आहे ते मात्र बघण्यासारखं आहे.

गोतोकुजीचं पांढरं मांजर

हे अगदी साधं असतं. अंग शुभ्र पांढरं, उजवा पंजा वर, गळ्यात तांबडा पट्टा आणि घंटी. हातात नाणं नाही. मंदिराचं म्हणणं असं की मांजर तुम्हाला संधी देतं, माणसांची गाठ घालून देतं. पुढचं तुम्ही करायचं. म्हणून नाणं नाही.

लोक ते घरी नेतात, देवाजवळ ठेवतात, आणि इच्छा पूर्ण झाली की परत आणून मंदिरात ठेवतात. त्या जागेसमोर उभं राहिलं की बोलणंच बंद होतं. हाताच्या बोटाएवढ्या मांजरापासून मोठ्या कलिंगडाएवढ्या मांजरापर्यंत, ओळीवर ओळ, सगळ्यांचा उजवा पंजा वर. जवळ जाऊन पाहिलं तर जुन्यांचा पट्ट्याचा तांबडा रंग उन्हापावसाने फिका होऊन विटकरी झालेला, नव्यांचा कुंकवासारखा ताजा. त्या प्रत्येक फिक्या पट्ट्यामागे कुणाची तरी पूर्ण झालेली इच्छा आहे, हे लक्षात आलं की मूर्ती विकत घेण्याकडे बघायची नजरच बदलते.

कुणी घ्यावं? ज्याला एखादी गोष्ट मनापासून मागायची आहे आणि जो ती फेडायला परत जाऊ शकतो त्याने. तोक्यो-योकोहामात राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे सगळ्यांत चांगलं. आपल्याकडे नवस बोलतात आणि फेडतात, तसाच हा व्यवहार आहे. भारतात भेट म्हणून पाठवायला मात्र मी सुचवणार नाही. परत ठेवायची अर्धी गोष्ट तुटून जाते.

इमादोचं मातीचं

जुन्या पद्धतीचं इमादो मांजर अंगाने आडवं बसलेलं असतं आणि तोंड फक्त तुमच्याकडे वळवलेलं. पाठीमागच्या अंगावर वर्तुळात एक खूण असते, सगळं मिळून हाती येवो अशा अर्थाची. आता इमादो देवस्थानात जास्त दिसते ती मांजरांची जोडी, कारण तिथले देव इझानागी आणि इझानामी हे आदिदांपत्य आहे आणि लोक लग्न जुळावं म्हणून तिथे जातात. लग्नात द्यायला सुंदर वस्तू. गल्ल्यासाठी नव्हे.

तोकोनामेचं गुबगुबीत

तुमच्या डोळ्यांसमोर मानेकी-नेको म्हणून जे चित्र येतं ते बहुधा तोकोनामेचं असतं. मोठे गोल डोळे, आखूड अंग, फुगीर गाल, पोटाशी धरलेलं लंबगोल सोनेरी नाणं. हा घाट दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात इथे ठरला आणि देशभर पसरला. गावात मांजरांची एक सबंध गल्ली आहे. तिथल्या भिंतीवर ३९ कलाकारांनी केलेली ३९ मांजरं बसवलेली आहेत, प्रत्येकाचं काम वेगळं: कुणी प्रवास सुखाचा करणारं, कुणी आजार टाळणारं. आणि वर टेकाडावरून एक प्रचंड मांजराचं डोकं गावाकडे बघत असतं. त्याचं नाव तोकोन्यान, उंची ३.८ मीटर. नागोयाचा विमानतळ याच गावाच्या हद्दीत आहे, त्यामुळे परत जाताना दोन तास हातात असतील तर इथे उतरणं सहज जमतं.

हे मांजर प्लास्टरच्या साच्यात पातळ केलेली माती ओतून करतात. साचा पाणी शोषून घेतो, भिंतीला मातीचा थर धरतो, उरलेली माती ओतून टाकतात. म्हणून आतून पोकळ आणि आकाराच्या मानाने हलकं. पुष्कळ मांजरांच्या पाठीला फट ठेवलेली असते, पैसे साठवायची बँक म्हणून.

त्या नाण्याबद्दल थोडं सांगायलाच हवं. ते 'कोबान', एदो काळातलं सोन्याचं नाणं. खरा कोबान एक र्योचा असायचा; र्यो हे तेव्हाचं चलन. मांजराच्या पोटावरच्या नाण्यावर मात्र लिहिलेलं असतं 'सेन मान र्यो'. सेन म्हणजे हजार, मान म्हणजे दहा हजार. हजार गुणिले दहा हजार. आपल्या हिशेबाने सरळ एक कोटी. मला हे समजलं तेव्हा फार आनंद झाला, कारण इंग्रजीत हा आकडा 'दहा दशलक्ष' असा लंगडत सांगावा लागतो आणि मराठीत तो एका शब्दात मावतो. जपानी भाषेत 'मांजराला कोबान' अशी म्हणही आहे. अर्थ नेमका आपल्या 'गाढवाला गुळाची चव काय' याचा.

सेतोचं सडपातळ

सेतो हे नाव जपानमध्ये इतकं रुळलेलं आहे की चिनीमातीच्या भांड्यांना सरसकट 'सेतोमोनो' म्हणतात. तिथलं मांजर खऱ्या मांजराच्या जवळचं असतं. अंग लांबट, पाठ किंचित पोक काढलेली, चेहरा लहान, नाक सरळ. तोकोनामेचं बाहुलीसारखं गोड, तर सेतोचं तुमच्याकडे शांतपणे बघणारं. इथे मानेकी-नेकोचं संग्रहालय आहे. दर वर्षी २९ सप्टेंबरच्या आसपास उत्सव भरतो, कारण ९-२-९ हे आकडे 'कुरु फुकु' असे वाचता येतात, म्हणजे 'येणारं भाग्य'. लोक गालांवर मिशा रंगवून गावभर फिरतात.

दोन्ही शेजारी ठेवली तर? लहान मुलं असलेल्या घरात तोकोनामेचं जास्त लाडकं होतं हे मी पाहिलंय. पण रोज नजरेसमोर राहणाऱ्या वस्तूसाठी मी सेतोकडे झुकते. गोड चेहऱ्याचा कधी कधी कंटाळा येतो, शांत चेहऱ्याचा येत नाही. आणि नाणं न धरलेली मांजरं सेतोच्या जुन्या घाटात सहज मिळतात.

इशिकावा प्रांतातल्या कुतानी शैलीच्या चिनीमातीच्या मांजरांवर उठावदार ठिपक्यांची नक्षी आणि सोनेरी काम असतं. शोकेससाठी उत्तम, धूळ पुसायला कठीण.

ताकासाकीचं कागदी

गुन्मा प्रांतातलं ताकासाकी दारुमा नावाच्या इच्छापूर्तीच्या बाहुल्यांसाठी प्रसिद्ध. साच्यावर कागदाचे थर चिकटवून वाळवायचे, कापून साचा काढायचा, जोड बुजवायचा, वर शिंपल्यांच्या पुडीचा पांढरा लेप आणि मग रंग. तीच कारागिरी मांजराला. हा भाग रेशमाचा होता आणि रेशमाच्या किड्यांचा मोठा शत्रू उंदीर, त्यामुळे मांजराला इथे मान होता. ही गोष्ट मला सगळ्यांत खरी वाटते. शेतकऱ्याच्या घरात मांजर असलं की उत्पन्न वाचतं, यात कसलाही चमत्कार नाही.

हातात घेतलं तर वजनच लागत नाही. पडलं तरी फुटत नाही. ब्रशचे फटकारे मोकळे, भुवया एकदम जोरकस. पुण्या-नाशिकला, छत्रपती संभाजीनगरला घरात ठेवायला माझी पहिली पसंती हेच. कोकणात आणि मुंबईत नाही. कागद आणि सरस यांना जून ते सप्टेंबरची दमट हवा मानवत नाही. खानावळीच्या वाफेत तर मुळीच नाही.

सोनेरी, हात हलवणारं

आता बहिणीला जे हवं होतं ते. हे प्लास्टिकचं असतं आणि बहुतेक चीनमध्ये बनतं. चिनी दुकानांतून आणि उपाहारगृहांतून ते जगभर गेलं, म्हणून पुष्कळांना मानेकी-नेको चिनीच वाटतं. आपल्याकडे ते हसऱ्या बुद्धाच्या शेजारी 'फेंगशुईचं मांजर' म्हणून विकलं जातं आणि घरातल्या कुठल्या दिशेला ठेवायचं याची चिठ्ठीही सोबत येते. जपानमध्ये साधी रीत आहे, दाराशी, येणाऱ्याकडे तोंड करून.

आत काय असतं? हात वरून टांगलेला लंबक आहे, त्याच्या खालच्या टोकाला चुंबक. तळाशी तारेचं वेटोळं आणि उजेडावर चालणारी छोटी पट्टी. उजेड पडला की वेटोळ्यातून विजेचे हलके धक्के जातात आणि चुंबक ढकलला जातो. म्हणून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवलं की हात थांबतो.

त्याला मी नावं ठेवणार नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याची नजर हलत्या वस्तूकडे आधी जाते, आणि माणसाला बोलावणं हेच मांजराचं काम असेल तर हे ते काम करतंच. लहान मुलं काउंटरपाशी थांबतात, आईबाप त्यांच्यामागे थांबतात. पण ते घ्यायला जपानहून ओझं आणायची गरज नाही, ते भारतातही मिळतं. आणि त्याला कुणाचा हात लागलेला नसतो. सेतोच्या दुकानात एका बाईंनी माझ्यासमोर चार सारखी दिसणारी मांजरं एका ओळीत ठेवली आणि म्हणाल्या, चेहरा बघून घ्या. बघितलं तर एकाची डावी मिशी किंचित वर गेलेली, एकाच्या बुबुळात पांढरा ठिपका जरा मोठा. मी मिशी वर गेलेलं घेतलं. सोनेरी मांजरांच्या खोक्यांत हे निवडणं नसतं.

उजवा की डावा?

सर्वसाधारण समजूत अशी की उजवा पंजा पैसा बोलावतो, डावा माणसं, म्हणजे गिऱ्हाईक. पंजा कानाच्या वर गेला तर लांबचं भाग्य, खाली असला तर जवळचं. दोन्ही पंजे वर असलेलंही मिळतं, पण जपानी भाषेत दोन्ही हात वर करणं म्हणजे हात टेकणं, म्हणून पुष्कळ दुकानदार ते टाळतात. मीही टाळीन.

पण ही समजूत सगळीकडे सारखी नाही. गोतोकुजीची सगळी मांजरं उजव्या पंजाची, आणि नाणं एकाच्याही हातात नाही. ओसाकाच्या सुमियोशी देवस्थानात तर दोन्ही चालतात, आळीपाळीने. तिथे दर महिन्याच्या पहिल्या 'ड्रॅगनच्या दिवशी' (जुन्या पंचांगात दिवसांना बारा प्राण्यांची नावं आळीपाळीने येतात, त्यातला हा एक) व्यापारी लोक एक छोटं मातीचं मांजर घेतात, अंगात जपानी कपडे घातलेलं. विषम महिन्यात डाव्या पंजाचं, सम महिन्यात उजव्या. वर्षाला बारा, चार वर्षांत अठ्ठेचाळीस. ४८ ड्रॅगन-दिवस जपानीत ज्या उच्चाराने म्हणतात, तोच उच्चार 'सतत भरभराट' या शब्दांचा आहे. अठ्ठेचाळीस जमली की ती देऊन एक मध्यम आकाराचं मांजर मिळतं, आणि पुन्हा सुरुवात. ओसाकात दुकान असेल तर हेच करा, बाकी कुठलंही मांजर घेऊ नका. चार वर्षं दर महिन्याला नेमाने जाणारा दुकानदार शटरही वेळेवर उघडणारच.

रंगांचा तक्ता दुकानात टांगलेला असतो. पांढरा सर्वसाधारण शुभ, सोनेरी पैशाला, तांबडा आजार दूर ठेवायला, काळा वाईट शक्ती अडवायला, गुलाबी प्रेमाला. गुलाबी वगैरे अलीकडची भर आहे. जुना रंग म्हणजे कबरा, पांढऱ्यावर काळे आणि नारिंगी डाग. अशा तिरंगी मांजरांत बोका क्वचितच सापडतो, कारण काळा आणि नारिंगी हे दोन्ही रंग एकत्र यायला सहसा दोन एक्स गुणसूत्रं लागतात. म्हणून जपानी खलाशी असा बोका जहाजावर भाग्यवान मानायचे. काळ्याबद्दल एक सूचना: जपानमध्ये काळं मांजर रक्षण करणारं असलं तरी आपल्याकडे भेट देताना घरातल्या मोठ्यांना आधी विचारा. काळं मांजर आडवं गेलं की पाऊल थांबवणारी माणसं अजून आहेत, आणि भेटवस्तूने कुणाच्या मनाला टोचणी लागू नये.

मांजर की दारुमा?

कुणी परीक्षेला बसतंय, कुणाला घर घ्यायचंय, म्हणजे एकच ठरलेलं ध्येय असेल, तर मांजर सोडा आणि दारुमा घ्या. इच्छा धरून त्याचा एक डोळा रंगवायचा, पूर्ण झाली की दुसरा. बूड जड असल्याने तो पाडला की परत उभा राहतो. 'सात वेळा पडून आठव्यांदा उठा' ही म्हण त्याच्याशी जोडलेली आहे. दारुमा म्हणजे झेन पंथाचा आद्य गुरू बोधिधर्म, आणि परंपरा त्याला दक्षिण भारतातला राजपुत्र मानते. अकरावी-बारावीच्या मुलाच्या टेबलावर तो मांजरापेक्षा शंभर पटीने जास्त शोभतो. दुकान मात्र रोज उघडायचं असतं, त्याला 'पूर्ण झालं' असा दिवस नसतो. तिथे मांजरच.

मग चिपळूणला काय?

खानावळीत वाफ, तेल, फोडणीचा धूर. म्हणजे कागद बाद. चकचकीत लेप असलेलं चिनीमातीचं हवं, ओल्या फडक्याने पुसता येईल असं. खानावळ माणसांवर चालते, म्हणून डावा पंजा. आकार साधारण वीतभर. त्याहून लहान असलं की बरण्यांमागे हरवतं. रंग कबरा, कारण हळदीचा हात लागला तरी तो मिरवतो, पांढऱ्यावर डाग पडतो. नाणं नको. हा माझा हट्ट म्हणा.

हे सगळं तिला सांगितल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पण ताई, ते हात हलवणार नाही ना?" म्हटलं, नाही. "मग लोकांना कसं कळेल की बोलावतंय?" मी म्हटलं, "तू गल्ल्यावर बसून दारातल्या माणसाला 'या, बसा' म्हणतेस तेव्हा हात कसा करतेस ते बघ." फोनवरच तिने करून पाहिलं असणार. हसली.

सेतोचं मांजर घेतलं आहे, डाव्या मिशीचं टोक वर गेलेलं. एक गोष्ट बांधताना शिकले, तीही सांगून ठेवते. पहिल्या वेळी मी असं मांजर सबंध टॉवेलमध्ये गुंडाळून बॅगेत टाकलं होतं, आणि घरी उघडलं तर अंग शाबूत, वर केलेला पंजा मनगटातून तुटलेला. सगळा दाब तिथेच येतो. या वेळी आधी पंजा आणि कान यांच्यामधल्या खाचेत एक मोजा दाबून भरला, मग पंजाभोवती दुसरा मोजा, आणि नंतर सबंध मांजराला साडी. ते हातातल्या सामानात जाईल, पायाशी. चिपळूणला पोचल्यावर ते गल्ल्यावर नाही, दाराच्या आतल्या फळीवर ठेवायचं, रस्त्याकडे तोंड करून. फळी तिने मारून घेतली आहे.